मोटेच्या एका फेरीमागे चार घरं

ओळखीतल्या एकाने दोन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडली आणि साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी दीड एकर घेतली. शेतकरी घरातलाच, पण शिक्षण-नोकरीत नांगर सुटलेला. बेत साधा होता: घरापुरतं धान्य, घरापुरती भाजी, एक गाय, चार कोंबड्या, बाजारातून शक्यतो काही आणायचं नाही. पहिल्याच हंगामात पाटाच्या पाण्यावर देखरेख करणारा पाटकरी बांधावर येऊन सांगून गेला, "भाऊ, यंदा या फडमा ऊस शे. भाजीपाला चालाव नही."

आपल्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत काय लावायचं हे गाव ठरवणार, हे त्याला पचेना. त्याने मला फोन करून तक्रार केली, आणि ती ऐकताना वाटलं की 'स्वयंपूर्ण शेती' हा शब्द आपण अलीकडे फार एकट्या माणसाचा करून टाकलाय. खानदेशात तो कधी तसा नव्हता.

फडाची गोष्ट आधी सांगतो, कारण बाकीचं तिथूनच उलगडतं. धुळ्याच्या पश्चिमेला सह्याद्रीतून उतरणाऱ्या पांझरा, कान या नद्या आणि बागलाण-मालेगावकडच्या मोसम, आरम यांच्यावर तीन-चारशे वर्षांपासून छोटे दगडी बंधारे आहेत. (बागलाण आज नाशिक जिल्ह्यात असलं तरी पूर्वी ते खानदेशातच धरलं जाई.) सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो, पण धुळे, शिंदखेडा, पारोळा हा पट्टा त्या डोंगराच्या आडोशाला पडतो. तिथे आभाळापेक्षा नदीचा भरवसा जास्त. बंधाऱ्याला अडलेलं पाणी पाटाने निघतं, पाटातून चाऱ्यांत जातं आणि चाऱ्यांतून शेतात. भिजणारी सगळी जमीन मोठ्या तुकड्यांत विभागलेली असते, त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. बहुतेक ठिकाणी असे चार फड.

एका फडात एका वेळी एकच पीक, हा इथला नियम. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही हंगामी पीक, एखादा फड त्या वर्षी बिनपाण्याचा. पुढल्या वर्षी पिकं फिरतात. शेतकऱ्याची पट्टी शक्यतो प्रत्येक फडात असे, म्हणजे कुणाच्याही वाट्याला नुसता ऊस किंवा नुसतं कोरडवाहू येत नसे. एका पिकाला पाणी एकाच वेळी लागतं, त्यामुळे वाटप सोपं होतं आणि नासाडी कमी. पिकाचा फेरपालट आपसूकच होतो, जमिनीला विसावा मिळतो. पाणी कमी असेल त्या वर्षी फड कमी भिजवायचे, आणि ती झळ सगळ्यांनी सारखी सोसायची. देखरेखीला पाटकरी, हवालदार, जागल्या असत, आणि त्यांची मजुरी धान्यात मिळे. पाट उपसायला घरटी माणूस जाई. कागदावर फार थोडं, पण मोडायची छाती कुणाची नव्हती.

अमुक एका राजाने ही पद्धत बसवली असं ठामपणे सांगणारे भेटतात. मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही. बंधारा एकदा बांधता येतो, पाट मात्र दरवर्षी उपसावा लागतो, आणि ते काम राजा करत नाही.

फडाची जमीन थोडी होती. खानदेशातली बहुतेक घरं जगली ती कोरडवाहू जमिनीवर, मुख्यतः ज्वारीवर. अकबराने १६०१ साली असीरगड घेऊन फारुकी घराण्याचं राज्य संपवलं आणि या सुभ्याला आपल्या मुलाच्या, दानियालच्या, नावावरून 'दानदेश' म्हटलं. त्या काळच्या 'आईन-इ-अकबरी'त अबुल फजलने इथल्या ज्वारीची खास नोंद केली आहे. काही भागांत ती वर्षातून तीनदा निघते आणि तिचं ताट इतकं गोड की लोक ते फळासारखं खातात, असं तो लिहितो. ताट चघळत शेतातून घरी आलेल्या कुणालाही अकबराच्या दरबारातल्या माणसाला हे ठाऊक होतं याचं नवल वाटेल.

त्यातली तापीकाठची रब्बी ज्वारी म्हणजे दादर. पाऊस सरला की खोल काळ्या मातीत ती पेरायची. पुढे एक थेंब पडला नाही तरी ती जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर पिकते. कडेला करडई लावायची, तिच्या काट्यांनी गुरं आत शिरत नाहीत आणि घाणीला तेलबीही मिळतं. दाणा माणसांना, कडबा बैलांना. खरिपाच्या ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची कळण्याची भाकरी हीही याच हिशेबातली: जे शेतात सोबत उभं राहतं ते ताटातही सोबत येतं, आणि डाळ वेगळी शिजवायची गरज राहत नाही.

आता विहीर बघू. विजेचे पंप आणि डिझेल इंजिनं येण्याआधी विहिरीतून पाणी काढायला मोट होती. मोटेचं चामडं चांभाराचं, चाक आणि कणा सुताराचा, लोखंडी काम लोहाराचं, नाडा मांगाने वळलेला. नाड्यासाठी बांधावर अंबाडी लावलेली असे. बैल आपले, विहीर आपली, पण पाण्याच्या एका फेरीमागे अशी चार घरं उभी असायची. यातलं एखादं घर रुसलं किंवा गाव सोडून गेलं, की केळीचा बाग वाळायला पंधरा दिवस पुरे. त्यांना बलुतं मिळे खळ्यावर, पसा-पायलीने, पीक चांगलं आलं तर बरं आणि बुडालं तर नाममात्र.

या व्यवस्थेचं कौतुक करताना जीभ थोडी आवरावी लागते. ज्याने नाडा वळला त्याला त्याच विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती. गावकीच्या वतनी कामांत काही जाती पिढ्यानपिढ्या अडकल्या होत्या. ती वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ साली आला. शेतावरच्या सालदाराची गतही फार वेगळी नव्हती. त्याचं साल आखाजीला सुरू होई आणि पुढच्या आखाजीला संपे. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात आणि तिचा मान दिवाळीपेक्षा कमी नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते. त्याच दिवसांत ओट्यावर सालदाराचा सौदा ठरे: इतकं धान्य, इतके रुपये, कपडे, वहाणा. आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही तर पुढचं सालही तिथेच. घर स्वयंपूर्ण होतं हे खरं, पण ते कुणाच्या पाठीवर हे विचारायलाच हवं.

मग खरं कौशल्य कशात होतं? माझ्या मते पिकवण्याइतकंच ते राखण्यात होतं. इथे दुष्काळ हा पाहुणा नव्हता, नातेवाईक होता. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० सालचा, 'छप्पन्नचा दुष्काळ' आजीच्या तोंडी तिने स्वतः पाहिल्यासारखा असे, जरी ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली होती. बी खाण्यावरून ती आम्हा पोरांना दटावायची, "बी खाई टाकं ते पेरशी काय?"

बियाण्याची निवड उभ्या पिकात होई. टपोरी, भरलेली कणसं हेरून वेगळी कापायची आणि चुलीवरच्या आढ्याला टांगायची, धुराने कीड लागत नाही. वांग्याचं फळ झाडावरच पिवळं पडू द्यायचं. भोपळ्या-दोडक्याचं बी शेणात कालवून भिंतीला थापायचं, पावसाळा आला की खरवडून काढायचं. सरकीला तंतू असतात, पेरताना ती एकमेकींना चिकटते, म्हणून शेण-मातीत चोळून मोकळी करायची. धान्याला कणगी: बांबूच्या किंवा तुरीच्या काड्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली. धान्यात कडुनिंबाचा पाला आणि राख. डाळींना तेलाचा हात.

उन्हाळा वाळवणाचा. बिबड्यांसाठी ज्वारी भिजवून, भरडून, लसूण-मिरची-तीळ घालून घाट शिजवायचा आणि कपड्यावर थापून वाळवायचा. उडदाचे पापड, कुरडया, शेवया, डाळीच्या वड्या. मेथी-गवार वाळवून गाडग्यात. पावसाळ्यात भाजी नसली आणि नदीला पूर आल्याने बाजार भरला नाही, तर या गाडग्यांवर घर निभायचं. हे सगळं बायकांचं काम, आणि पहाटेचं दळण त्याहून वेगळं. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा जात्यासाठी कुणी रडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. जात्यावर हळवं व्हायला ते ओढावं लागत नाही अशी सोय हवी.

ही घडी विस्कटली कशी, याचं उत्तर लोक सहसा संकरित बियाण्यापासून सुरू करतात. माझ्या मते ते दीडशे वर्षं उशिराचं उत्तर आहे. १८१८ साली खानदेश कंपनी सरकारकडे आला आणि सारा रोखीत, ठरल्या दिवशी भरायचा नियम घट्ट होत गेला. १८५२ साली जमीनमोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, यावल, एरंडोल भागात शेतकऱ्यांनी ती उधळून लावली. मोजणीपाठोपाठ सारा वाढणार हे त्यांनी ओळखलं होतं. रोख पैसा लागतो तेव्हा दादर उपयोगाची नाही, कपाशी लागते. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि इथल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळला पोचली. युद्ध संपलं, भाव कोसळला, सावकाराची वही मात्र उघडीच राहिली. इथून पुढे पेरणीचा निर्णय घराच्या कणगीकडे बघून होईनासा झाला.

तेलाचंही तसंच. गावात तेल्याची घाणी, शेतात तीळ, करडई, पुढे भुईमूग. भुईमूग वाढला तसे कारखाने आले. आज सगळं जग संगणकासाठी ओळखतं ती विप्रो कंपनी १९४५ साली अमळनेरला वनस्पती तूप बनवायला सुरू झाली होती, हे नव्या पिढीला सांगितलं तर खोटं वाटतं. शेंग गाडीभर कारखान्यात जायची आणि तूप डब्यातून परत यायचं.

त्याच्या नऊच वर्षं आधी, डिसेंबर १९३६ मध्ये, यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. नेहरू अध्यक्ष होते, साने गुरुजींनी गावोगाव फिरून त्यासाठी घाम गाळला, आणि गांधीजींच्या आग्रहामुळे खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शनही मांडलं गेलं. साधा खेडूत ज्या कामांत रोज राबत होता ती प्रदर्शनात ठेवावी लागली. एखादी गोष्ट प्रदर्शनात आली की ती हातातून सुटायला लागली असं समजावं. अधिवेशनात शेतसारा, खंड, कर्ज यांविषयी शेतीचा कार्यक्रमही मंजूर झाला. माझ्या नजरेत त्याचं मोल चरख्याहून जास्त आहे.

पुढचं सगळ्यांनी पाहिलेलं. १९७२ च्या दुष्काळात दादरच्या मुलखातली माणसं खडी फोडून परदेशातून आलेली लालसर मिलो ज्वारी खात होती. संकरित ज्वारी, मग संकरित कपाशी, २००२ नंतर बीटी, आणि बियाणं दरवर्षी दुकानातून. पांझरेवर वरच्या अंगाला धरणं झाली, पाणी सोडण्याचा अधिकार पाटबंधारे खात्याकडे गेला आणि बरेच फड नावापुरते उरले. रावेर-यावलमध्ये केळी वाढली, बसराई ही जुनी जात जाऊन ऊतीसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं आली, ठिबकच्या नळ्या अंथरल्या गेल्या. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पैसा आला, यात शंका नाही. पण त्या गावांत भाकरीची ज्वारी पिशवीतून विकत येते.

त्याच २०१६ साली भरताच्या वांग्यालाही मानांकन मिळालं. मला त्याचा आनंद केळीपेक्षा जास्त, कारण या वांग्याचं बी अजून घरोघरी धरलं जातं. बामणोदचं हिरवं-पांढरं, मोठालं, कमी बियांचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचतात. शेतातला कचरा सरपण होतो, हेही जुन्याच हिशेबातलं.

आणि साक्री तालुक्यातलं बारीपाडा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या आदिवासी पाड्याने उजाड डोंगरावर कुऱ्हाडबंदी केली, ४०० हेक्टरांच्या आसपास जंगल राखलं, विहिरींना पाणी परत आणलं. तिथे दरवर्षी रानभाज्या रांधण्याची स्पर्धा भरते आणि जाणत्या बायका नावासकट भाज्या मांडतात. या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिथले नियम बघितले की फडाची आठवण येते: झाड कुणाच्या हद्दीत आहे यावरून काही ठरत नाही, पाड्याने काय ठरवलं त्यावर ठरतं.

ओळखीतल्या त्या गृहस्थाने शेवटी ऊसच लावला. वांगी आणि मिरच्या घरामागच्या परसात. गाय आली, बैलजोडीही आली. मागच्या महिन्यात वखराचा दांडा मोडला म्हणून तो सुतार शोधत होता. गावचा सुतार आहे, पण तो सुरतेत फर्निचरच्या कामाला असतो. दिवाळीला येणार म्हणे.