वकिलाची नोटीस आणि कोर्टाचं समन्स

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या माझ्या मावसभावाकडे कर्जाचे दोन कागद आले. पहिल्याने त्याची झोप उडाली. दुसरा त्याने हातातच घेतला नाही. व्हायला हवं होतं बरोब्बर उलटं.

पहिला आला व्हॉट्सअ‍ॅपवर. वर तराजूचं चित्र, लाल अक्षरांत ‘फायनल लीगल नोटीस’, खाली कुठल्याशा वकिलाची स्कॅन केलेली सही, आणि ४८ तासांत पैसे भरा नाहीतर अटक वॉरंट निघेल असा दम. वकिलाचा पत्ता दिल्लीचा, पण संपर्कासाठी दिलेला मोबाइल वसुलीवाल्याचा. सातपूरचं काम सुटल्यामुळे पर्सनल लोनचे तीन हप्ते थकले होते. घाबरून त्याने एजंटच्या खासगी नंबरवर पाच हजार पाठवले. ते कर्जखात्यात कधीच दिसले नाहीत.

नोटीस म्हणजे एका पक्षाने दुसऱ्याला लिहिलेलं पत्र. वकिलाच्या लेटरहेडवर आलं म्हणून ते कोर्टाचं होत नाही. वकिलाला अटक करवता येत नाही, एजन्सीला तर नाहीच. नुसता हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे. अशा पत्रात पाहायचं ते एवढंच: कर्ज आपलं आहे का, आकडा बरोबर आहे का, पाठवणाऱ्याला बँकेने खरंच नेमलंय का. मग उत्तर थेट बँकेला, लेखी. पैसे फक्त कर्जखात्यात.

समन्स हे कोर्टाचं बोलावणं. त्यावर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, हजर राहायची तारीख, शिक्का आणि सही असते, आणि सोबत दाव्याची प्रत. दिवाणी दाव्याचं समन्स बहुतेक वेळा बेलिफ, म्हणजे कोर्टाचे कागद पोचवणारा कर्मचारी, आणतो. नाशिकला तो सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयातून येतो, बॅगेत असे पाच-पन्नास कागद असतात, तो आरडाओरडा करत नाही. ‘इथं सही करा’ एवढंच म्हणतो. माझ्या भावाच्या घरी तेच झालं. आठ महिन्यांत चार खोट्या धमक्या पचवून तो निर्ढावला होता. वहिनींना म्हणाला, ‘घेऊ नकोस, त्यांचीच नाटकं.’ बेलिफाने कागद दारावर चिकटवला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि गेला. समन्स नाकारलं तर त्याची बजावणी झाली असं कोर्ट धरू शकतं. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, आणि वसुलीवाल्यांनी लोकांना इतकं खोटं दाखवलंय की खरं आलं तरी ओळखू येत नाही. माझा राग आहे तो यावर.

समन्स मिळाल्यावर घड्याळ चालू होतं. साध्या दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे आपलं उत्तर, ३० दिवसांत द्यायची, कोर्टाने मुभा दिली तर जास्तीत जास्त ९०. समरी सूट, म्हणजे झटपट चालवला जाणारा पैशाचा दावा, असेल तर हजेरीच १० दिवसांत नोंदवावी लागते. गेलाच नाहीत तर निकाल एकतर्फी.

आता घोळ असा, की काही नोटिसांनाही दात असतात. चेक बाउन्सची कलम १३८ ची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते. घर तारण असेल तर सरफेसी कायद्याची, म्हणजे तारणावरून कर्ज वसूल करायच्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस येते. ती बँकच देते आणि पैसे भरले नाहीत तर पुढची पायरी घराचा ताबा घेण्याची असते. लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर वाद निवडणाऱ्या पंचाची, नोटीसही टोपलीत टाकू नये, कारण लवादाचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल होतो. लोकअदालतीच्या दाखलपूर्व (दावा दाखल होण्याआधीच्या) नोटिशीला मात्र एवढं घाबरायचं कारण नाही. गेला नाहीत म्हणून तिथे एकतर्फी निकाल लागत नाही. पण तिथे तडजोडीवर सही केलीत तर अपील नाही, तेव्हा आकडा वाचूनच पेन उचला.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलं म्हणजे बोगस, हेही धरून चालू नका. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत इलेक्ट्रॉनिक समन्सला जागा आहे. खरं-खोटं करायला न्यायालयांच्या ई-कोर्ट्स अ‍ॅपवर कागदावरचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतःचा १६ अंकाक्षरी क्रमांक, टाका, किंवा नाशिक जिल्हा निवडून स्वतःचं नाव शोधा. दोन मिनिटांचं काम आहे.

फोनवाल्यांचं थोडक्यात: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन नको, शिवीगाळ नको, नातेवाइकांना छळणं नको. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

भावाला निकाल कळला तो अंबडच्या नव्या कंपनीत पगारजप्तीचा आदेश आल्यावर. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातला दोन-तृतीयांश हिस्सा जप्तीतून सुटतो, म्हणून घर चाललंय. एकतर्फी निकाल रद्द करायला अर्ज करता येतो, पण वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘दारावर कागद लागला तेव्हा तुम्ही घरी होतात ना?’ तो गप्प बसला. सध्या बँकेशी तडजोडीची बोलणी सुरू आहेत, आणि या वेळी तो प्रत्येक आकडा बँकेच्या शिक्क्यासह कागदावर मागतोय.