तारखेचे पैसे आणि अडीनडीचे पैसे

जून उजाडला की शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट असं सगळं एकदम अंगावर येतं आणि घरोघरी तक्रार सुरू होते, "या महिन्यात अचानकच खर्च निघाला." अचानक कसला? शाळा दरवर्षी त्याच सुमारास उघडते; विदर्भात थोडी उशिरा, एवढाच फरक. गणपती भाद्रपदातच येतात. विम्याच्या हप्त्याची तारीख तर पॉलिसीवर छापलेली असते.

महिन्याचं बजेट कोलमडतं ते बहुतेक वेळा बाहेरच्या चहा-वडापावने नाही. ज्या खर्चाची तारीख आधीपासून माहीत आहे आणि ज्याची कुणालाच माहीत नसते, असे दोन्ही खर्च आपण 'शिल्लक' नावाच्या एकाच डब्यातून भागवतो. मग दिवाळीत डबा रिकामा होतो आणि डिसेंबरात कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की उसनवारी सुरू. हे दोन डबे वेगळे हवेत. पहिल्यातले तारखेचे पैसे, दुसऱ्यातले अडीनडीचे.

तारखेच्या पैशांचं गणित म्हणजे बेरीज आणि भागाकार. महिना ५५,००० रुपये हातात येणारं एक घर धरू. वर्षाचे खर्च असे: शाळेची फी ४८,००० (जून आणि नोव्हेंबर अशा दोन हप्त्यांत), आरोग्य विमा २४,०००, दिवाळी २०,०००, गणपतीला गावी जाणं १०,०००, लग्नकार्यातले आहेर ७,०००, मालमत्ता कर ६,०००, दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००. एकूण १,२०,०००. म्हणजे दरमहा १०,००० रुपये पगार झाल्या झाल्या बाजूला काढायचे. या घराला महिन्याला ५५,००० खर्चायला मिळतातच कुठे? ४५,००० मिळतात, आणि बजेट त्या आकड्यावर बसवायचं असतं.

इथवर बरेच जण येतात. अडतात ते पहिल्या वर्षी. समजा, फेब्रुवारीपासून दहा-दहा हजार टाकायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये मालमत्ता कर ६,०००, मेमध्ये विमा २४,०००, जूनमध्ये फीचा पहिला हप्ता २४,०००, मिळून झाले ५४,०००. तोवर जमलेले असतात जूनचे धरून ५०,०००. भागाकार बरोबर आणि तरी चार हजार कमी! माणूस वैतागून वही मिटतो, ती इथेच. म्हणून पहिल्या वर्षी तरी खर्च महिन्यांप्रमाणे ओळीने लिहून काढावेत आणि नोव्हेंबरपर्यंत गरजेप्रमाणे दरमहा हजार-दोन हजार जास्त टाकावेत, कारण नोव्हेंबरात फीचा दुसरा हप्ता असतो. दुसऱ्या वर्षापासून चाक आपोआप फिरतं.

पगाराच्या बाजूलाही तारखेच्या गोष्टी असतात. महाराष्ट्रात व्यवसाय कर बहुतेक पगारदारांचा महिन्याला २०० रुपये कापला जातो आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० पुरे होतात. शंभर रुपयांनी काही बिघडत नाही. पण गुंतवणुकीवर सूट देणाऱ्या जुन्या करपद्धतीत राहून गुंतवणुकीचे पुरावे वेळेत दिले नाहीत, तर जानेवारी ते मार्चच्या पगारातून टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापला जाणारा प्राप्तिकर, चांगलाच वाढतो. त्याचंही दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटणारे लोक प्रत्येक ऑफिसात सापडतात.

अडीनडीच्या पैशांना हे गणित लागू पडत नाही, कारण बारा भाग करायला मुळात रक्कमच माहीत नसते. तिथे मोजमाप महिन्यांचं: पगार थांबला तर घर किती महिने चालेल? पक्की सरकारी नोकरी असेल तर तीन महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे पुरेत. खासगी नोकरी, कंत्राटी काम, रिक्षा किंवा दुकान असेल तर सहा महिन्यांच्या खाली समाधान मानू नये. महिन्याचा खर्च मोजताना हॉटेल आणि एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता) वगळावी, पण फी आणि विमा वगळू नये, कारण नोकरी गेली म्हणून शाळा फी माफ करत नाही. वरच्या घराचा किराणा, भाडं, वीज, प्रवास असा चालू खर्च ३५,००० धरला आणि न टळणाऱ्या वार्षिक खर्चांचे महिन्याचे सुमारे ६,५०० त्यात मिळवले, तर सहा महिन्यांचे अडीच लाख होतात. आकडा मोठा आहे. जमायला दोन-तीन वर्षं लागली तरी चालेल.

पैसे ठेवायची जागाही वेगळी. तारखेच्या पैशांना बँकेची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, उत्तम. जमलेली रक्कम उचलायचा नंबर आधी ठरलेला असेल तर भिशीही चालते. दिवाळीच्या आधीचा नंबर मागून घेणाऱ्या बायका हिशेबाला पक्क्या असतात. चिठ्ठी टाकून नंबर काढणारी भिशी मात्र दोन्ही कामांना कुचकामी. अडीनडीचे पैसे त्याच दिवशी हातात यायला हवेत, म्हणून थोडे बचत खात्यात आणि बाकीचे मोडता येईल अशा एफडीत, शक्यतो दोन बँकांत. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत तर सुरुवातीला तेवढेही नाहीत. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पण ते पैसे मिळेपर्यंत घर चालवावं लागतंच. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमाही नाही. अर्धा टक्का जादा व्याजासाठी अडीनडीचे पैसे तिथे ठेवणं मला पटत नाही.

काही खर्च मधल्या जागेत लोंबकळतात. दहा वर्षांचा फ्रिज बंद पडणं, गाडीचे टायर, दाताचं रूट कॅनॉल. तारीख नाही, पण येणार हे नक्की. हे मी तारखेच्या डब्यात टाकेन आणि त्यासाठी महिना पाचशे-हजार जादा धरेन. वृद्ध आई-वडिलांचं आजारपण मात्र दुसऱ्या डब्यातलं. कॅशलेस विमा असला तरी काही रुग्णालयं दाखल करताना अनामत मागतात आणि विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचं बिल शेवटी हातात येतंच.

अडीनडीच्या डब्यातून पैसे निघाले की तो पुन्हा भरायचा असतो. त्या काळात तारखेचे दहा हजार थांबवू नयेत, नाहीतर पुढच्या जूनमध्ये फीसाठी पुन्हा दुसऱ्याच डब्यात हात जाईल. थांबवायचीच असेल तर काही महिने एसआयपी थांबवावी.