अवरक्त उष्णतेने डांबरी रस्त्यांची दुरुस्ती

डांबरी रस्त्याचा फुटलेला, उचकटलेला किंवा तडे गेलेला पृष्ठभाग जागच्या जागी अवरक्त म्हणजेच इन्फ्रारेड किरणांनी तापवायचा, मऊ झालेला जुना माल दंताळ्याने हलवायचा, गरजेपुरता ताजा गरम माल त्यात मिसळायचा आणि सगळे एकत्र दाबून रस्ता पुन्हा सलग करायचा, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेची ईशान्येकडील राज्ये, कॅनडा आणि ब्रिटन इथे ती वापरली जाते. खड्डे, पाइपासाठी खणलेल्या चरांचे काठ, मॅनहोलभोवतीचा खचलेला भाग आणि पाणी साचणाऱ्या सखल जागा ही तिची नेहमीची कामे.

तिचे महत्त्व कळायला नेहमीचे पॅचवर्क कुठून फुटते ते पाहावे लागते. खड्ड्याच्या कडा चौकोनी कापतात, आतली माती-पाणी काढतात, इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले पातळ डांबर, शिंपडतात, वरून हॉटमिक्स, म्हणजे डांबर-खडीचा गरम माल, ओतून रोलर फिरवतात. हे सगळे नीट केले तरी गरम माल अखेर थंड भिंतीला टेकतो. तिथे तो लगेच निवतो, खडी हवी तेवढी दाबली जात नाही आणि कडेने बारीक पोकळ्या राहतात. अभियंते याला कोल्ड जॉइंट, म्हणजे थंड सांधा म्हणतात. पावसाचे पाणी याच रेषेतून आत उतरते. वरून चाक गेले की ते दाबाखाली ढकलले जाते, चाक पुढे सरकले की मागे ओढले जाते, आणि या सततच्या रेट्याने खडीवरचे डांबर सुटत जाते. थंड देशांत त्यात गोठणाऱ्या पाण्याची भर पडते, कारण बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. आपल्याकडे नुसता पाऊसही पुरतो. आधी ठिगळाची चौकट ओली काळी दिसू लागते, मग एक कोपरा सुटतो, मग खडी रस्त्यावर पसरते. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही दुचाकीस्वाराला हा क्रम पाठ असतो. अवरक्त दुरुस्तीत हा सांधाच उरत नाही, कारण ठिगळ आणि भोवतालचा रस्ता एकाच वेळी गरम असतात आणि एकत्रच निवतात.

हे शक्य होते ते डांबराच्या स्वभावामुळे. रस्त्याला आज वापरतात ते डांबर म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारे बिटुमेन. दगडी कोळशापासून निघणारे डांबर वेगळे, पण मराठीत दोन्हींना एकच नाव रुळले आहे. बिटुमेन तापले की पातळ होते, निवले की पुन्हा घट्ट होते. भारतात सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या बिटुमेनचा मृदुबिंदू, म्हणजे ते मऊ पडू लागण्याचे तापमान, किमान ४७ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि खडीत मिसळताना ते साधारण १५० ते १६५ अंशांवर ठेवतात. म्हणजे दहा वर्षे वापरलेला रस्तासुद्धा तत्त्वतः पुन्हा वापरता येणारा माल आहे. फक्त तो म्हातारा झालेला असतो. हवेतल्या ऑक्सिजनने बिटुमेनमधल्या तेलकट माल्टीनांचे हळूहळू कडक अस्फाल्टीनांत रूपांतर होते, रस्ता करडा आणि ठिसूळ पडतो. म्हणून तापवल्यावर त्यावर माल्टीनयुक्त पुनरुज्जीवक द्रव फवारतात. हा फवारा वाचवण्याचा मोह कामावर फार होतो, आणि तो वाचवला की दिसायला सुरेख झालेली दुरुस्ती लवकर तडकते.

तापवायचेच तर सरळ ज्वाला का लावू नये? कारण ज्वाला वरचे दोन-चार मिलिमीटर जाळते आणि खाली माल थंडच राहतो. जळलेल्या बिटुमेनला पुन्हा चिकटपणा येत नाही. अवरक्त यंत्रात गॅस रस्त्यावर जळत नाही. प्रोपेन किंवा एलपीजी सच्छिद्र चिनीमातीच्या फरश्यांवर किंवा धातूच्या जाळीवर जळतो, त्या लालबुंद होतात, आणि त्यांच्यापासून निघणारे प्रारण रस्ता शोषून घेतो. काळा डांबरी पृष्ठभाग हे प्रारण फार चांगले शोषतो. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला आणि तिथेच पारा सर्वांत जास्त चढलेला पाहिला. तीच न दिसणारी उष्णता इथे कामाला येते.

या यंत्रांच्या जाहिरातींत किरण रस्त्यात खोलवर शिरतात असे म्हटलेले असते, ते बरोबर नाही. किरण अगदी वरच्या पातळ थरात शोषले जातात. तिथून खाली उष्णता जाते ती वहनाने, दगडातून आणि डांबरातून, स्वतःच्या संथ गतीने. म्हणूनच साधारण ५ सेंटिमीटर खोलवर माल मऊ व्हायला आठ-दहा मिनिटे लागतात आणि आच वाढवून तो वेळ वाचवता येत नाही. अनुभवी चालक मध्येच आच बंद करतो, वरची उष्णता खाली मुरू देतो आणि पुन्हा सुरू करतो. पृष्ठभागावरून निळसर धूर उठू लागला की बिटुमेन जळते आहे, हे तो ओळखतो.

प्रत्यक्ष काम असे चालते. खड्ड्यातली धूळ, माती, पाणी झाडून काढतात. तापकाची सपाट पेटी रस्त्यापासून वीतभर उंच धरून खड्ड्यापेक्षा चारही बाजूंनी जास्त जागा तापवतात. पेटी बाजूला केली की कामगार दंताळे घालतो. ज्या रस्त्यावर पहार आपटून परत येते, तिथे दंताळ्याचे दात ओल्या वाळूत शिरावेत तसे शिरतात. पण तो तापलेल्या चौकोनाच्या काठापर्यंत जात नाही. चार बोटे ते वीतभर गरम पट्टी न हलवता तशीच सोडतो, कारण नव्या-जुन्याची एकजीव होण्याची जागा ती पट्टी असते. तिथली खडी आधीच्या रोलरने बसवलेली आहे आणि डांबर आता मऊ आहे. ही पट्टी उकरली तर थंड सांधा पुन्हा तयार होतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. आतल्या भागातला जळकट, सुटा माल काढून टाकतात, पुनरुज्जीवक फवारतात, उष्ण पेटीतला ताजा माल टाकून पातळी साधतात. मग आधी कडा आणि नंतर मधला भाग अशा क्रमाने छोटा रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर फिरतो. जागा अडचणीची असेल तर हाताची धुम्मसही चालते. माल साधारण ९० अंशांखाली उतरण्याआधी दाबण्याचे काम संपले पाहिजे. निवल्यावर, बहुधा अर्ध्या तासात, वाहने सोडतात.

मर्यादा मोठ्या आहेत आणि त्या लपवल्यामुळेच या पद्धतीवर अविश्वास बसतो. खालचा खडीचा थर किंवा मुरूम खचला असेल, मगरीच्या पाठीसारखे तडे सगळीकडे पसरले असतील, तर वरून तापवून काही साधत नाही. तिथे खणावेच लागते. डांबराचा थर फारच पातळ असेल तर दंताळे खालच्या खडीत जाते. जुन्या रस्त्यात दगडी कोळशाचे डांबर असेल तर तापवताना निघणारा धूर आरोग्याला घातक असतो. जवळून उथळ गॅसवाहिनी किंवा केबल जात असेल तर काम सुरू करण्याआधी तिची खोली तपासलीच पाहिजे.

पाण्याचा प्रश्न सर्वांत अवघड. एक चौरस मीटर जागेतला ५ सेंटिमीटर जाडीचा डांबरी थर सुमारे ११५ किलो भरतो. तो १२० अंशांनी तापवायला अंदाजे १३ मेगाज्यूल उष्णता लागते. त्याच जागेवर केवळ १ मिलिमीटर पाणी, म्हणजे १ लिटर, असेल तर ते तापून वाफ होण्यातच अडीच मेगाज्यूल जातात, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. शिवाय थराच्या आत मुरलेले पाणी वेगळेच. उत्तर अमेरिकेच्या थंड भागांत हिवाळ्यात हॉटमिक्सचे कारखाने बंद असतात, तेव्हा ही यंत्रे कामी येतात, कारण जागेवरचा बराचसा माल पुन्हा वापरता येतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात कारखाने थांबतात ते पावसाळ्यात, नेमके रस्ता चिंब भिजलेला असताना. त्यामुळे ऐन जुलैच्या सरींत ही पद्धत तिकडच्यासारखी चालेल असे मानणे चूक आहे. पाऊस सुरू होण्याआधी मे महिन्यात चरांचे सांधे तापवून बुजवणे, हा तिचा इकडच्या हवेला साजेसा उपयोग आहे.

हेच तत्त्व लांबलचक पट्ट्यावर वापरले की त्याला हॉट इन-प्लेस रीसायकलिंग म्हणतात. एकामागून एक तापक, खरवडणारे यंत्र, मिसळणी आणि माल पसरणारा पेव्हर अशी गाड्यांची रांगच रस्त्यावरून संथपणे सरकते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या आयआरसी:१२० या २०१५ च्या मार्गदर्शिकेत डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापराच्या पद्धती दिल्या आहेत. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाचे एरिक श्लांगेन यांनी वेगळी वाट धरली. डांबरात पोलादाचे बारीक तंतू मिसळायचे आणि वरून विद्युत-प्रवर्तनाचे, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातू तापवणारे, यंत्र नेऊन ते तंतू आतून तापवायचे, म्हणजे केसाएवढे तडे मोठे होण्याआधीच वितळून मिटतात. २०१० मध्ये ए५८ महामार्गाच्या एका तुकड्यावर असा रस्ता घालण्यात आला.