मंत्रिपदापासून नाल्यातल्या पोत्यांपर्यंत : धारिया आणि 'वनराई'ची पार्श्वभूमी

पुण्यात मोहन धारियांच्या आठवणी निघाल्या की बोलणं दोन वाटांनी जातं. वयस्कर मंडळी आणीबाणी, पुढे पंतप्रधान झालेले त्यांचे मित्र चंद्रशेखर, १९७७ची निवडणूक यांवर येतात. त्यांच्याहून धाकट्यांना ठाऊक असते ती धारियांनी उभी केलेली 'वनराई' ही संस्था : मित्रमंडळ चौकाजवळचं कार्यालय, संस्थेचं मासिक, पोत्यांचे बंधारे. मंत्री होता तो माणूस वेगळा आणि झाडं लावली, पाणी अडवलं ते कुणी दुसऱ्यानेच, असं वाटावं इतक्या या आठवणी एकमेकींपासून तुटलेल्या आहेत. मला हे पटत नाही. 'वनराई'कडे निवृत्त राजकारण्याचा विरंगुळा म्हणून पाहिलं, तर त्या कामातलं अर्धं हातातून निसटतं. म्हणून थोडं मागे जायला हवं.

धारियांचा जन्म १४ फेब्रुवारी १९२५चा, महाड तालुक्यातल्या नाते गावचा. महाडहून रायगडाकडे निघालं की हे गाव लागतं. चिंतामणराव देशमुखांचंही जन्मगाव हेच. देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. त्यानंतर दोन दशकांच्या आतच त्याच गावच्या धारियांचं मंत्रिपद पंतप्रधानांना न रुचलेल्या मतापायी गेलं. दोघांचाही योजना आयोगाशी संबंध आला. एवढ्याशा गावाच्या वाट्याला असे दोघे यावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या भागाला पाण्याचं राजकारण नवं नव्हतं. धारिया दोन वर्षांचे होते तेव्हा, मार्च १९२७मध्ये, डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. निसर्गाची तऱ्हा तर वेगळीच. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तो उतारावरून सावित्रीत, तिथून समुद्रात जातो आणि होळी उलटली की डोंगरातल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन पाणी शोधत फिरतात. पाऊस भरपूर पडूनही पाणी नसतं, हे कोकणात वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पुढे धारिया पाण्याबद्दल जे बोलले त्याचं मूळ मला इथे दिसतं.

शिक्षणासाठी ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९४२च्या आंदोलनात ओढले गेले. स्वातंत्र्यानंतर, १९४८मध्ये, जंजिरा संस्थान मुक्त करण्याच्या तरुणांच्या लढ्यात ते होते. प्रजा समाजवादी पक्षातून ते काँग्रेसमध्ये आले, १९६४ साली राज्यसभेवर गेले. तिथे चंद्रशेखर, कृष्णकांत यांच्याबरोबर 'तरुण तुर्क' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटात त्यांचं नाव झालं. बँकांचं राष्ट्रीयीकरण, संस्थानिकांचे तनखे रद्द करणं या मागण्यांसाठी हा गट पक्षाच्या आतूनच रेटा लावत होता. १९६७ला ज्या पुण्याने समाजवादी एस. एम. जोशींना लोकसभेवर पाठवलं होतं, त्याच पुण्याने १९७१ला काँग्रेसच्या धारियांना निवडून दिलं. पाठोपाठ ते केंद्रात नियोजन खात्याचे राज्यमंत्री झाले.

आणि लगेच १९७२चा दुष्काळ आला. आठवणी सांगणारे हा टप्पा सहसा ओलांडून जातात, पण माझ्या मते सगळी गुरुकिल्ली त्यातच आहे. पुण्याच्या खासदाराला तो दुष्काळ पाहायला लांब जावं लागत नव्हतं. दिवेघाट चढला की पुरंदर, पुढे बारामती, दौंड, इंदापूर. लाखो माणसं खडी फोडत होती, सुकडीवर, म्हणजे मदत म्हणून वाटलेल्या पौष्टिक पिठावर, दिवस काढत होती. राज्याची रोजगार हमी योजना याच काळात आकाराला आली. तिचा कायदा १९७७चा. दुष्काळी कामांतून नालाबांध आणि पाझर तलाव झाले, तसे ज्यांचा पुढे कुणालाच उपयोग झाला नाही असे खडीचे ढीगही झाले. पुरंदरमध्ये नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचं, म्हणजे गावाने पाणी समन्यायाने वाटून घेण्याचं, काम सुरू केलं ते याच दुष्काळानंतर. दिल्लीत पंचवार्षिक योजनांच्या आकड्यांशी झुंजणाऱ्या आणि स्वतःच्या जिल्ह्यात ही माणसं पाहणाऱ्या मंत्र्याच्या मनात काय साठलं असेल, ते पुढच्या कामावरून कळतं.

मार्च १९७५मध्ये धारियांचं मंत्रिपद गेलं. सरकारविरोधी आंदोलन चालवणाऱ्या जयप्रकाश नारायण यांच्याशी सरकारने बोलावं, असा त्यांचा आग्रह होता. इंदिरा गांधींनी त्यांना मंत्रिमंडळातून दूर केलं. चारच महिन्यांत आणीबाणी आली, धारियांनी तिला उघड विरोध केला आणि तुरुंगवास पत्करला. १९७७ला पुण्याने त्यांना पुन्हा निवडून दिलं, या वेळी जनता पक्षाचे म्हणून, आणि मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात ते वाणिज्यमंत्री झाले. १९७९ला ते सरकार कोसळलं. १९८०ला पुण्याची जागा विठ्ठलराव गाडगीळ यांच्याकडे गेली.

पन्नाशी ओलांडलेल्या, दोन पंतप्रधानांबरोबर काम केलेल्या माणसाला यानंतर ठरलेल्या वाटा खूप होत्या. १९८०च्या दशकात धारियांनी 'वनराई' उभी केली. वेळही तशीच होती. १९८०मध्ये वनसंवर्धन कायदा झाला होता, १९८५ला केंद्राने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केलं. त्या वर्षांत सरकारी बोलण्यात झाडांचे आकडे फार होते. लावलेलं झाड जगतं की नाही, हा प्रश्न मागे पडत होता. 'वनराई'चं म्हणणं असं की आधी उतारावरची माती आणि पाणी धरून ठेवा. मग चारा येईल, झाड जगेल, जनावराला गोठ्यात खायला मिळेल आणि गावातला तरुण पुण्या-मुंबईची वाट धरणार नाही. नियोजन मंत्रालयात जो प्रश्न वरून खाली पाहिला जातो, तोच इथे शिवारातून वर पाहिला गेला.

या सगळ्यात राज्यभर पोचली ती एकच साधी गोष्ट, वनराई बंधारा. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती घ्यायची, नाल्यातलीच वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची आणि पाऊस ओसरला की वाहत्या नाल्यात आडवी रचायची. विटांच्या भिंतीत जसा सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत, तशीच पोतीही रचायची. जागा निवडताना नाला अरुंद हवा, काठ पक्के हवेत आणि वरच्या बाजूला उतार कमी हवा, म्हणजे पाणी लांबवर तुंबतं. वेळ साधावी लागते. फार लवकर बांधला तर परतीच्या पावसात वाहून जातो, फार उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही. साधला तर आसपासच्या विहिरींना पाझर वाढतो, रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याला एखाददुसरं पाणी मिळतं, गुरांची सोय होते. खर्च जवळपास नाही. गावाचे हात लागतात.

हा बंधारा एका हंगामाचा असतो. टीका करणारे हीच त्याची उणीव सांगतात : दरवर्षी नव्याने का बांधायचा, एकदाच सिमेंटचा का नको? सिमेंटचा हवा तिथे तोही बांधावा. पण पक्क्या बंधाऱ्यामागे गाळ साचतो आणि ठेकेदार निघून गेला की तो काढायला कुणी येत नाही. पोत्यांचा बंधारा पुराबरोबर जातो, नाला मोकळा होतो आणि पुढच्या भादव्या-आश्विनात गावाला पुन्हा एकत्र बसावं लागतं. कुठे बांधायचा, पाणी कोण उचलणार, किती उचलणार, हे दरवर्षी ठरवावं लागतं. धारियांसारख्या आयुष्यभर सभा-समित्यांत वावरलेल्या माणसाला याचं मोल कळलं नसतं तरच नवल.

मर्यादा मात्र खऱ्या आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, त्यामुळे बंधाऱ्याचा गुण आसपासच्या थोड्याच शिवाराला येतो. पोती आता प्लास्टिकच्या धाग्यांची असतात. ती उन्हात विरतात आणि त्यांच्या चिंध्या नाल्यात राहतात. पूर येण्याआधी ती उचलली तर बरं, पण बांधायला जमणारे हात काढायला जमत नाहीत.

राजकारणही पूर्ण सुटलं नव्हतं. चंद्रशेखर यांच्याशी जुना स्नेह होता. १९८३च्या त्यांच्या पदयात्रेनंतर मावळात परंदवडीला भारत यात्रा केंद्र उभं राहिलं, त्यामुळे त्यांचं पुण्याशी नातं पक्कं होतं. १९९०ला चंद्रशेखर पंतप्रधान झाले आणि धारिया योजना आयोगाचे उपाध्यक्ष. सरकार अल्पायुषी ठरलं, धारिया 'वनराई'त परतले. २००५ला पद्मविभूषण मिळालं ते समाजकार्यासाठी. १४ ऑक्टोबर २०१३ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे राजकीय घराणं म्हटलं की मतदारसंघ, कारखाना, बँक या क्रमाने वारसा मोजतात. धारियांच्या घरात पुढच्या पिढीकडे आली ती संस्था. रवींद्र धारिया यांनी 'वनराई'चं अध्यक्षपद सांभाळलं. नागपूरकडे 'वनराई फाउंडेशन'चं काम गिरीश गांधी यांनी वाढवलं.

पुणे शहरातली निसर्गरक्षणाची लढाई याच काळात वेगळ्या अंगाने चालली होती. १९९७च्या सुमारास महापौर असलेल्या वंदना चव्हाण यांनी महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर बांधकामं न होता जैवविविधता उद्यानाचं आरक्षण राहावं म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ९७८ हेक्टरांचा हा विषय नकाशा, आरक्षण, मोबदला, न्यायालय असा चालतो. 'वनराई'चं काम उलट्या टोकाचं आहे. तिथे जमिनीची मालकी बदलत नाही, बदलतो तो जमिनीवरून जाणाऱ्या पाण्याचा वेग. दोन्ही कामांना राजकारण कळणारी माणसं लागली, ही गोष्ट पुण्यात पुरेशी बोलली जात नाही.

आता वनराई बंधारे हे कृषी खात्याच्या कागदावरचं नेहमीचं नाव झालं आहे. पावसाळा संपत आला की तालुक्यांना उद्दिष्टं जातात, फोटो येतात, संख्या जुळते. जिथे गावाने जागा स्वतः निवडलेली असते, तिथे माघापर्यंत पाणी दिसतं. जिथे फक्त संख्या भरायची होती, तिथे दिवाळीतच पोती कोरडी पडतात.