सिंगापूरला करारांवाचून का भागत नाही? तापीकाठावरून एक पार्श्वभूमी

२० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. आपल्याकडे बातमी आली आणि गेली. सिंगापूरच्या सरकारने मात्र सूट मिळावी म्हणून दिल्लीशी बोलणी लावली, कारण त्या देशात नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून येतं. ऑगस्टअखेर भारताने सिंगापूरला ५० हजार टन तांदूळ द्यायचं मान्य केलं आणि कारण दिलं दोन्ही देशांच्या विशेष संबंधांचं. भारताच्या निर्यातीत हा आकडा किरकोळ. ज्याच्या ताटात तो भात पडतो, त्याच्यासाठी नाही.

एकट्या जळगाव जिल्ह्यात क्षेत्रफळाने सोळा सिंगापूर मावतील. लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, पण वर्षाची आयात-निर्यात मिळून देशाच्या एकूण उत्पन्नाच्या तिपटीच्या घरात जाते. असा देश स्वतःच्या जमिनीवर कमी आणि इतरांनी दिलेल्या शब्दावर जास्त जगतो. खान्देशातल्या माणसाला ही गत परकी वाटायला नको. आपणही कधीकाळी नेमके असेच होतो.

१३८२ मध्ये मलिक राजाने तापीकाठी थाळनेरला बस्तान बसवलं आणि खान्देशात फारुकी घराण्याचं राज्य उभं राहिलं. त्याच्या मुलाने, नसीर खानाने, असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर वसवलं. उत्तरेला माळवा, पश्चिमेला गुजरात, दक्षिणेला बहमनी आणि पुढे निजामशाही. या तिघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून सुरतेचा माल नवापूर, नंदुरबारमार्गे बऱ्हाणपूरला आणि तिथून आग्र्याकडे जायचा. सतराव्या शतकात या वाटेने गेलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए नवापूरच्या बारीक, कस्तुरीसारख्या वासाच्या तांदळाचं कौतुक करतो. बऱ्हाणपूरचं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, कैरोपर्यंत जातं, असंही तो लिहितो. तोवर फारुकी संपले होते, पण वाट तीच होती आणि त्यांची कमाईही याच वाटेवर उभी होती.

या राज्याच्या हाती करार म्हणावा असं काही नव्हतं. होती ती खंडणी. फारुकींच्या दुसऱ्या आदिल खानाने गुजरातची खंडणी थांबवली, तेव्हा १४९८ मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याची फौज दारात आली आणि थकबाकी वसूल करून गेली. त्याच्यानंतर गादीचा वाद झाला तर बेगड्याने आपला माणूस बसवला. अकबराने गुजरात घेतल्यावर तेव्हाच्या फारुकी राज्यकर्त्याने, राजा अली खानाने, शहाणपणाने मोगलांचं मांडलिकत्व पत्करलं. १५९७ मध्ये तो मोगलांच्याच बाजूने लढताना मारला गेला. चार वर्षांत, जानेवारी १६०१ मध्ये, त्याच्या मुलाच्या हातून असीरगड गेला आणि खान्देश मोगलांचा सुभा झाला. मोठ्याशी इमान राखल्याचा हा मोबदला. मोठा शेजारी शब्द पाळेल की नाही, हे पूर्णपणे त्याच्या मर्जीवर होतं आणि दाद मागायला तिसरी जागाच नव्हती.

सिंगापूरचा सगळा खटाटोप ही तिसरी जागा उभी करण्यासाठी आहे, असं माझं मत.

१८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रॅफल्सने तिथे जकातमुक्त बंदर थाटलं. १९६३ मध्ये सिंगापूर मलेशियात सामील झालं आणि ९ ऑगस्ट १९६५ ला बाहेर पडलं. वेळ वाईट होती. इंडोनेशियाने मलेशियाविरुद्ध संघर्ष पुकारलेला, त्यामुळे व्यापार तुटलेला. पिण्याचं पाणी जोहोरमधून, म्हणजे ज्या देशातून नुकतं वेगळं झालो त्याच देशातून येणारं. इथे सिंगापूरने केलेली गोष्ट साधी पण फार दूरदृष्टीची होती. १९६१ आणि १९६२ चे पाणीकरार विभक्त होण्याच्या करारातच हमीसह घालून घेतले आणि तो करार संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवला गेला. दुसरा करार २०६१ पर्यंत चालणार आहे. पाण्याच्या दरावरून दोन्ही देशांत वर्षानुवर्षं कुरबुरी झाल्या, तरी नळ बंद झाला नाही. पाणीवाटपाचे तंटे कसे चिघळतात हे गिरणा-पांझरेच्या काठच्या माणसाला सांगायला नको.

दुसरा प्रश्न समुद्राचा. पूर्वी किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचं पाणी आपलं, असा रिवाज होता. मग देश बारा मैलांवर हक्क सांगू लागले. इंडोनेशिया आणि मलेशियानेही तसा हक्क सांगितला. मलाक्का आणि सिंगापूरच्या सामुद्रधुन्या काही ठिकाणी इतक्या अरुंद आहेत, की बारा मैल मान्य केले तर मधे मोकळा समुद्र उरतच नाही. म्हणजे सिंगापूरला येणारं प्रत्येक जहाज शेजाऱ्याच्या अंगणातून येणार. १९७३ पासून सुरू असलेल्या सागरी कायदा परिषदेत यावर तोड निघाली: बारा मैल मान्य, पण आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनीतून जहाजांना विनाअडथळा पार होण्याचा हक्क किनाऱ्यावरच्या देशाला रोखता येणार नाही. परिषदेच्या शेवटच्या टप्प्यात अध्यक्षपदी सिंगापूरचेच टॉमी कोह होते. १९८२ मध्ये जमैकात सह्या झाल्या, १९९४ मध्ये करार लागू झाला.

या नियमाशी जळगावच्या केळीपट्ट्याचा, रावेर-यावलचा, संबंध आहे. निर्यातीच्या केळीचा घड कापला की तो जमिनीला टेकू देत नाहीत. फण्या सोडवून तुरटीच्या पाण्यात चीक धुवायचा, तेरा किलोंच्या आसपासचं खोकं भरायचं, माल तेरा-चौदा अंशांवर आणायचा आणि रीफर म्हणजे थंड कंटेनरमध्ये चढवून न्हावा-शेवा बंदराला धाडायचा. पारा बराच खाली गेला तर साल काळवंडते, वर गेला तर केळी वाटेतच पिकते. दुबईच्या जेबेल अली बंदराला जायचं तर होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडावी लागते. सागरी करारावर इराणने सही केली, मंजुरी दिलेली नाही, म्हणून पार होण्याचा हक्क तिथे तितका पक्का नाही. तिथे तणाव वाढला की विम्याचे दर आणि भाडं वाढतं, आणि ती खोट कुठून भरून निघणार हे बऱ्हाणपूरच्या बाजारातला बोर्डावरचा भाव बघणाऱ्या केळीवाल्याला बरोबर कळतं.

मोठ्यांनाही नियम लागू व्हावेत यासाठी सिंगापूरने किंमतही मोजली आहे. १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडा या चिमुकल्या बेटावर सैन्य उतरवलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांत सिंगापूरने मित्र अमेरिकेच्या विरोधात मत दिलं. २०२२ मध्ये युक्रेनवरून रशियावर स्वतःहून निर्बंध लादले. हरण्याची तयारीही लागते. पेद्रा ब्रांका बेटाचा मलेशियाशी असलेला वाद दोघांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. २००८ च्या निकालात ते बेट सिंगापूरला आणि जवळचे मिडल रॉक्स हे खडक मलेशियाला मिळाले. दोघांनी निकाल मानला. आता याला कोणी भाबडेपणा म्हणेल, तर १९६७ पासून तिथल्या तरुणांना सक्तीची लष्करी सेवा आहे आणि सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची सोयही आहे. कराराची प्रत कपाटात ठेवून ते निवांत झोपलेले नाहीत.

जागतिक व्यापार संघटनेची पहिली मंत्रिपरिषद डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरलाच भरली होती. त्या संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवल्या. ज्याच्याविरुद्ध निकाल लागेल त्याने अपील करायचं आणि ऐकायला कोणीच नसल्याने प्रकरण तिथेच लोंबकळायचं, अशी अवस्था आली. सिंगापूर आणि इतर काही देशांनी २०२० मध्ये आपसात तात्पुरती अपील व्यवस्था उभी केली. भारत तीत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये साखरेच्या अनुदानाचा निकाल भारताविरुद्ध गेला, जानेवारी २०२२ मध्ये भारताने त्या रिकाम्या मंडळाकडे अपील केलं. आपल्या कारखान्यांच्या आणि ऊसवाल्यांच्या दृष्टीने ते सोयीचंच झालं. तक्रारदारांत ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाबरोबर तिसरा देश ग्वाटेमाला होता, आणि भारतावर दबाव आणायला त्याच्याकडे त्या निकालाखेरीज फारसं काही नाही.