वीस पेट्या की पंचवीस? इंग्रजीतला हायफन आणि डॅश

द्राक्षांच्या हंगामात नाशिकहून परदेशी खरेदीदाराला जाणाऱ्या मेलमध्ये ‘ट्वेंटी फाइव्ह किलो बॉक्सेस’ एवढंच लिहिलं, तर माल नेमका किती हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. ‘ट्वेंटी फाइव्ह-किलो बॉक्सेस’ म्हणजे पाच किलोच्या वीस पेट्या, एकूण 100 किलो. ‘ट्वेंटी-फाइव्ह किलो बॉक्सेस’ म्हणजे एकेक किलोच्या पंचवीस पेट्या, एकूण 25 किलो. आणि ‘ट्वेंटी-फाइव्ह-किलो बॉक्सेस’ म्हणजे पंचवीस किलोच्या पेट्या. त्या किती, ते सांगितलेलंच नाही. शब्द तेच आहेत, फक्त छोट्या आडव्या रेघेची जागा बदलली. ही रेघ म्हणजे हायफन. तिच्यासारखीच दिसणारी, पण लांब रेघ म्हणजे डॅश, आणि त्याचं काम पूर्ण वेगळं आहे.

मराठी माणसाचा हायफन इंग्रजीत का चुकतो, याचं कारण मराठीतच आहे. ‘पाच किलोच्या वीस पेट्या’ म्हणताना ‘च्या’ हा प्रत्यय सगळा घोळ मिटवतो. पाच कशाला लागू आणि वीस कशाला, हे कानालाच कळतं. इंग्रजीत तसा प्रत्यय नाही, म्हणून नामाच्या आधी येणारे दोन शब्द मिळून एक विशेषण होत असेल तर ते हायफनने बांधावे लागतात. आपल्याला ‘आई-वडील’, ‘ऊन-पाऊस’ अशा जोड्यांत हायफन घालायची सवय असते. त्यामुळे इंग्रजीत जिथे तो खरोखर हवा, नेमका तिथेच तो राहून जातो.

हायफन जोडतो तो नामाच्या आधी. ‘अ वेल-नोन ब्रँड’मध्ये तो हवा, पण ‘द ब्रँड इज वेल नोन’मध्ये नको, कारण तिथे गोंधळाला वावच उरत नाही. ‘ली’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणानंतर तो कधीच घालू नये: ‘फ्रेशली पॅक्ड ग्रेप्स’ हेच बरोबर. वय लिहिताना ‘अ ट्वेल्व्ह-इयर-ओल्ड व्हाइन’ असे दोन हायफन लागतात आणि ‘इयर’ एकवचनीच राहतो. ‘इयर्स’ लिहिणं ही फार सर्रास दिसणारी चूक आहे. दोन मापं एकाच नामाला लावायची असतील तर ‘फोर- अँड फाइव्ह-किलो बॉक्सेस’. पहिला हायफन लोंबकळल्यासारखा दिसतो, पण तो बरोबर आहे, खोडू नका. हायफनच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा मात्र सोडायची नाही. अपवाद फक्त या लोंबकळणाऱ्या हायफननंतरचा.

करारात किंवा पॅकिंग लिस्टमध्ये तर हायफनवर विसंबूच नये. ‘20 बॉक्सेस ऑफ 5 केजी ईच’ असं सरळ लिहावं.

आता डॅश. तो दोन प्रकारचा. एम डॅशची रुंदी साधारण अक्षराच्या मापाएवढी, म्हणजे 12 पॉइंटच्या अक्षरात सुमारे 12 पॉइंट. एन डॅश त्याच्या निम्मा. एन डॅश ‘पासून–पर्यंत’ किंवा दोन टोकं दाखवतो: 2026–27, पेजेस 14–18, नाशिक–पुणे हायवे. ‘फ्रॉम’ लिहिलं की मात्र ‘टू’ लिहावंच लागतं. ‘फ्रॉम 10–12 मार्च’ हे अर्धवट वाक्य झालं. तसंच ‘बिटवीन’ला ‘अँड’. आपण मराठीत ‘दहा-बारा पेट्या’ म्हणतो ते अंदाजाने. इंग्रजी ऑर्डरमधलं ‘10–12 बॉक्सेस’ मात्र किमान दहा, कमाल बारा अशी मर्यादा म्हणून वाचलं जाऊ शकतं. अंदाजच सांगायचा असेल तर ‘अबाउट टेन’.

शीतगृहाच्या तापमानात सगळ्यात जास्त जपावं लागतं. द्राक्षं साधारण उणे 1 ते 0 अंश सेल्सिअसला ठेवतात. ते ‘-1-0’ असं लिहिलं तर उणे कुठलं आणि पर्यंत कुठलं, हे कळायला मार्ग नाही. ऋण संख्या असेल तिथे डॅश सोडून ‘टू’ हा शब्दच लिहावा.

एम डॅश वाक्यात काम करतो, मध्येच आलेली माहिती वेगळी काढायचं: ‘द शिपमेंट—ऑल ट्वेंटी बॉक्सेस—लेफ्ट पिंपळगाव ऑन मंडे.’ डॅशमधला मजकूर काढून वाचा. उरलेलं वाक्य पूर्ण असलं तर रेघा योग्य जागी आहेत. एकीकडे डॅश आणि दुसरीकडे स्वल्पविराम, ही चूक फार होते. अमेरिकी पुस्तकांत हा डॅश जागा न सोडता असतो, अनेक ब्रिटिश प्रकाशक त्याऐवजी दोन्हीकडे जागा सोडून एन डॅश घालतात. दोन्ही चालतं, पण एका मजकुरात एकच पद्धत ठेवा.

कीबोर्डवर हायफनची एकच कळ असते, आणि पुष्कळसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. विंडोजमध्ये ऑल्ट दाबून धरून आकड्यांच्या पॅडवर 0150 टाइप केलं की एन डॅश, 0151 केलं की एम डॅश उमटतो. मॅकवर ऑप्शन आणि हायफन मिळून एन, त्यात शिफ्ट घातली की एम. मोबाइलवर हायफनची कळ दाबून धरली की बहुतेक कीबोर्डवर दोन्ही डॅश दिसतात. वर्डमध्ये शब्द, जागा, हायफन, जागा, शब्द असं टाइप केलं की तो आपोआप एन डॅश करून टाकतो. वाक्यात ते सोयीचं आहे, पण बॅच नंबर किंवा वेबपत्त्यात डॅश शिरला तर पत्ता उघडत नाही, आणि हायफन टाइप करून शोधलं तर तो नंबर सापडेलच असं नाही. एक्सेलमध्ये 5-10 लिहिलं की त्याची तारीख होते. त्या रकान्याचं फॉरमॅट आकडे भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या, कारण नंतर बदललं तर मूळ आकडे परत येत नाहीत.