समावेशक शिक्षण : सामान्य शाळेतले अंध व अल्पदृष्टी विद्यार्थी (महाराष्ट्र)

अंध किंवा अल्पदृष्टी मुलांनी वेगळ्या अंधशाळेत न जाता आपल्या गावातल्या, वस्तीतल्या नेहमीच्या शाळेत बाकीच्या पोरांसोबत शिकायचं आणि शाळेने त्यासाठी आपलं शिकवणं, पुस्तकं, परीक्षा सगळं जुळवून घ्यायचं, याला समावेशक शिक्षण म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २ मध्ये जी व्याख्या आहे तीसुद्धा नुसतं एकत्र शिकण्यावर थांबत नाही, शिकवायची पद्धत मुलाच्या गरजेप्रमाणे बदललेली असली पाहिजे असं म्हणते. नाव पटावर आहे, पोरगी पहिल्या बाकावर बसते, पण तिच्या हातात वाचायला काहीच नाही, तर ते या व्याख्येत बसत नाही. कायद्याने एकूण २१ प्रकारची दिव्यांगत्वं मानलीत, ही नोंद मुख्यतः दृष्टीशी संबंधित आहे, बाकीच्यांचा उल्लेख शेवटी थोडक्यात येईल.

शब्दांचा गोंधळ

समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेच्या कागदांत 'समावेशित शिक्षण' असतं, बीएडच्या पुस्तकांत 'समावेशक', संस्थांच्या पत्रकांत 'सर्वसमावेशक', आणि हिंदीवरून आलेलं 'समावेशी' पण आता सर्रास दिसतं. या सगळ्यांच्या आधी 'एकात्म शिक्षण' हा शब्द होता आणि तो नुसता जुना पर्याय नाही, त्यामागचा विचार वेगळा होता. एकात्म शिक्षणात मूल शाळेच्या चाकोरीत बसत असेल तर घ्यायचं, म्हणजे जुळवून घ्यायची जबाबदारी मुलावर, आणि समावेशक शिक्षणात ती शाळेवर येते. 'अंध', 'दृष्टिहीन', 'दृष्टिबाधित' हे तिन्ही शब्द वापरात आहेत. 'अपंग' ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द २०१५ च्या शेवटी पंतप्रधानांनी सुचवल्यावर सरकारी भाषेत आला, पण दिव्यांग चळवळीतल्या बऱ्याच जणांना तो पटलेला नाही, इथे कायद्याच्या नावापुरता आणि पदनामांपुरता वापरलाय.

कोण अंध आणि कोण अल्पदृष्टी याची कायद्यातली रेघही मधे सरकली. १९९५ च्या कायद्यात चष्मा लावून चांगल्या डोळ्याची नजर ६/६० (म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) च्या वर जात नसेल किंवा दृष्टिक्षेत्र २० अंश किंवा त्याहून कमी असेल तर अंध धरायचे, २०१६ च्या कायद्यात हेच ३/६० पेक्षा कमी आणि १० अंशांपेक्षा कमी असं झालं. वर्गात मात्र प्रमाणपत्रावरचा आकडा फारसा कामाचा नसतो, एकाच टक्केवारीची दोन मुलं, एक मोठ्या अक्षरात सहज वाचतं आणि दुसऱ्याला ब्रेलच लागतं.

सुरुवात कुठून धरायची

वेगळ्या शाळांचा इतिहास तसा स्पष्ट आहे. कर्णबधिरांची देशातली पहिली शाळा मुंबईत १८८० च्या दशकात निघाली (साल १८८३ पासून १८८५ पर्यंत वेगवेगळं दिलं जातं), अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला. मुंबईत १९०० च्या सुमारास अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी शाळा काढली, तीच आजची दादरची कमला मेहता अंधशाळा, आणि १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. पुण्याची अंधशाळा १९३४ ची.

सामान्य शाळेत अंध मूल नेमकं कधीपासून, हा वादाचा भाग. विचार म्हणून बघितलं तर १९४४ च्या सार्जंट अहवालातच या मुलांना उगाच वेगळं काढू नका असा सूर आहे आणि कोठारी आयोगाने (१९६४-६६) तो आणखी जोर देऊन सांगितला. सरकारी योजना म्हणून बघणारे १९७४ धरतात, कारण त्या वर्षी केंद्राच्या समाजकल्याण मंत्रालयाने एकात्म शिक्षणाची योजना आणली जी १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे गेली. तिसरा गट म्हणतो की १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्याच्या (स्पेनमधल्या विशेष शिक्षणावरच्या जागतिक परिषदेचा) आधीचं काहीच 'समावेशक' नव्हतं, म्हणून त्याआधी जाऊच नये. या परिषदेला ९२ सरकारं आणि २५ आंतरराष्ट्रीय संघटना जमल्या होत्या.

या तिन्हींच्या मधे मुंबईचं एक काम राहून जातं. बहुतेक संदर्भ १९५८ हे साल देतात, त्या वर्षी मुंबईच्या न्यू ॲक्टिव्हिटी स्कूलमध्ये अंध मुलांना डोळस मुलांबरोबर शिकवायचा प्रयोग सुरू झाला आणि त्याला आज साइटसेव्हर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश संस्थेची मदत होती. प्रत्यक्ष वर्गात काय झालं यावरून सुरुवात ठरवायची असेल तर १९५८ च जास्त योग्य वाटतं, भले त्याला तेव्हा 'समावेशक' कुणी म्हटलं नसेल. आणि सुरुवात अंध मुलांपासूनच व्हावी यालाही कारण आहे, त्यांच्यासाठी अभ्यासक्रम बदलायची गरज फार कमी असते, बदलायची असते ती लिपी.

पुढचं भराभर सांगता येतं. १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, १९८७ चा युनिसेफच्या मदतीचा प्रकल्प ज्यात महाराष्ट्र होता, १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, २००१ पासून सर्व शिक्षा अभियान आणि त्यातलं कुठल्याच मुलाला नकार द्यायचा नाही हे तत्त्व, २००९ चा शिक्षण हक्क कायदा (अंमल १ एप्रिल २०१० पासून) आणि २००९ मध्येच माध्यमिक वर्गांसाठी वेगळी अपंग समावेशित योजना, मग २०१६ चा कायदा, २०१८ मध्ये सगळ्या योजना एकत्र करून समग्र शिक्षा. २०१६ च्या कायद्याचं कलम ३१ नीट वाचायला हवं, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा यातली आपल्या पसंतीची निवडता येते. म्हणजे अंधशाळा बंद करा असं कायदा कुठेही म्हणत नाही.

मराठी ब्रेल

लुई ब्रेल यांची सहा टिंबांची पद्धत १८२९ मध्ये पॅरिसला छापून आली. सहा टिंबांच्या जागेचं एक घर, त्यात डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. भारतात ती आली तेव्हा प्रत्येक शाळेने आपापल्या परीने अक्षरं बसवली, त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे एकाच वेळी अनेक ब्रेल चालू होते, कलकत्त्याचं शाह ब्रेल, मिशनऱ्यांचं ओरिएंटल ब्रेल, म्हैसूरचं वेगळं, आणि मुंबई-गुजरात बाजूला डॉ. नीलकंठराय छत्रपती यांचं. नीलकंठराय स्वतः अंध डॉक्टर होते आणि व्हिक्टोरिया मेमोरियल शाळेच्या उभारणीशीही त्यांचं नाव जोडलं जातं. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेचं पुस्तक वाचता येत नसे. १९४० च्या दशकात एकच लिपी करायची समिती बसली, त्यावर भांडणं झाली, मग प्रकरण युनेस्कोकडे गेलं, १९५० ला पॅरिस आणि १९५१ ला बैरूतमध्ये बैठका होऊन 'भारती ब्रेल' ठरलं आणि तेच आज मराठीसाठी वापरतात.

भारती ब्रेलमध्ये वेलांटी, मात्रा, उकार हे अक्षराच्या डोक्यावर-पायाखाली नसतात, सगळं एका ओळीत उच्चाराच्या क्रमाने. 'किती' म्हणजे क, इ, त, ई अशी चार घरं, ऱ्हस्व इ (टिंबं २-४) आणि दीर्घ ई (टिंबं ३-५) पूर्ण वेगळी. कागदावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, ब्रेलमध्ये नंतर. जोडाक्षरात हलन्ताचं टिंब ४ हे अर्ध्या अक्षराच्या *आधी* येतं, म्हणून 'स्त्री' ला सहा घरं लागतात, हलन्त, स, हलन्त, त, र, ई. क्ष आणि ज्ञ यांना मात्र स्वतःचं एकेक घर आहे. 'मऊ' लिहिताना मधे अ घालावा लागतो नाहीतर ते 'मू' होतं. अंकांना वेगळी चिन्हं नाहीत, अंकचिन्ह (३-४-५-६) टाकून अ, ब, च, द, ए, फ, ग, ह, इ, ज म्हणजे १ ते ९ आणि ०. ळ ची टिंबं ४-५-६.

हे एवढं सविस्तर लिहायचं कारण असं की सामान्य शाळेतल्या मराठीच्या बाईंना हे माहीत नसेल तर त्या मुलाची चूक कुठे आहे तेच त्यांना कळत नाही. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. मोबाइल आल्यापासून 'आता ब्रेल कशाला, ऐकून शिकेल की' असं बरेच जण म्हणतात, पण मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ आपण कुठे पाळतो? 'पाणी' तला दीर्घ आणि 'आणि' तला ऱ्हस्व कानाला जवळजवळ सारखाच लागतो, तो बोटाखाली गेल्याशिवाय समजत नाही. नुसतं ऐकून दहावीपर्यंत आलेलं मूल हुशार असतं, पाठांतर जबरदस्त असतं, पण त्याने मराठी कधी *वाचलेली* नसते. ब्रेलशिवायचं समावेशन हे मुलाला कायम श्रोता करून ठेवतं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि या विषयात काम केलेल्या बऱ्याच शिक्षकांचं असंच म्हणणं असतं.

लिहिण्याची तऱ्हाही समजून घ्यावी. ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवून स्टायलसने (टोचणीने) उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कारण टिंबं मागच्या बाजूला उठतात, मग कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचता येतं. म्हणजे लिहिताना प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं. ब्रेलर मशीनवर हा प्रश्न नाही, पण ते महाग आणि जड. गणिताला टेलर फ्रेम (भोकांत खुंट्या बसवून आकडे मांडायची चौकट) आणि ॲबॅकस (मण्यांची चौकट). आकृत्यांसाठी रबराच्या शीटवर कागद ठेवून दात्यांचं चाक फिरवतात की पलीकडे उठलेली रेघ येते, ते चाक नसेल तिथे करंजीच्या कातणाने पण काम भागतं, फक्त आकृती उलट काढायचं भान ठेवायचं.

वर्गात

सगळ्यात मोठा बदल फुकटचा आहे, फळ्यावर लिहिताना बोलणं. 'हे इकडून तिकडे नेलं की उत्तर आलं' या वाक्यात अंध मुलासाठी काहीच नाही, 'अ अधिक ब कंसात, कंसाचा वर्ग' असं म्हटलं की तो सोबत राहतो, आणि मागच्या बाकावरच्या डोळस पोरांनाही ते जास्त समजतं. अल्पदृष्टी मुलाला खिडकीकडे तोंड करून बसवू नये, जाड रेघांची वही, काळं स्केचपेन, फळ्याजवळ उठून जायची मोकळीक. पुस्तकांचं म्हणाल तर बालभारतीचं एक पुस्तक ब्रेलमध्ये गेलं की त्याचे अनेक खंड होतात आणि ते जूनमध्ये हातात पडणं यावर वर्षाचा निम्मा अभ्यास ठरतो. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) मराठी वाचतात, पण युनिकोडमधली मराठी, श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दिली की नुसती अक्षरांची खिचडी ऐकू येते, तेव्हा शाळेने नोट्स युनिकोडमध्ये टाइप करणं हीच मोठी सोय आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयावर मराठी पुस्तकंही मिळतात.

परीक्षा

लेखनिक (मूल सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारी व्यक्ती) आणि जादा वेळ या दोन सवलती सगळ्यांना माहीत असतात. केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा असं होतं, २०१८ मध्ये लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावं असं आलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात सांगितलं की लेखनिक मिळायला ४० टक्क्यांचीच अट लावता येणार नाही. लेखनिक हा खरं तर स्वतंत्र विषय, मार्चमध्ये आठवी-नववीचा विद्यार्थी शोधत फिरणारे पालक दरवर्षी दिसतात आणि भूमिती-शास्त्राच्या पेपरला लेखनिकाला चिन्हंच वाचता आली नाहीत तर मार्क जातात ते अंध मुलाचे. गणिताऐवजी सोपा पर्याय घ्यायची सवलत मुलाला पास करते, पण पुढे विज्ञान आणि बँकेच्या स्पर्धापरीक्षांचा रस्ता अवघड करून ठेवते, म्हणून ती सगळ्यांना सरसकट घ्यायला लावू नये.

शिक्षक

भारतीय पुनर्वास परिषदेकडे (कायदा १९९२ चा) नोंदणी असलेले विशेष शिक्षक गटसाधन केंद्रावर असतात आणि तिथून शाळाशाळांना भेटी देतात, यांनाच फिरते शिक्षक म्हणायचे. बहुतेक जण कंत्राटी. दृष्टिदोषाचं प्रशिक्षण घेतलेला शिक्षक त्याच तालुक्यात असेलच असं नाही, बौद्धिक अक्षमतेचं प्रशिक्षण घेतलेल्या ताईंवर ब्रेलही येऊन पडतं. ब्रेल ही रोजच्या सरावाची गोष्ट, आठवड्या-पंधरवड्याच्या भेटीत बसत नाही, त्यामुळे काही पालक पहिली ते चौथी अंधशाळेत आणि पाचवीपासून गावच्या शाळेत असा मधला मार्ग काढतात, आणि तो वाईट नाही. कायद्याचं कलम १७ ब्रेल आणि सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमा, त्यात दिव्यांग शिक्षकही घ्या असं सांगतं. ज्या शाळेत एखादे अंध सर आहेत तिथे अंध मुलाच्या आईबापांना फारसं काही समजावून सांगावं लागत नाही.

इतर

कर्णबधिर मुलांसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी मुंबईत १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी निघाली आणि नंतर तिने समावेशनाचा आग्रह धरला. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना महाराष्ट्रात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या, मराठी माध्यमापेक्षा शहरी इंग्रजी माध्यमात त्यांचा लाभ जास्त घेतला गेला असं सर्वसाधारण मत आहे. बधिरांध (ऐकू आणि दिसू दोन्ही न येणाऱ्या) मुलांसाठी मुंबईची हेलन केलर संस्था १९७७ ची. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे निकष ठरवा असा आदेश दिला आणि तोवर जे प्रमाण वापरायला सांगितलं त्यात मेंदूच्या पक्षाघातासाठी ८ मुलांमागे एक शिक्षक, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमतेसाठी ५ मागे एक, आणि बधिरांध मुलांसाठी २ मागे एक असं आहे.